सांगली बोलतीय, म्हसवड ऐकत न्हाई

आक्कांच्या घरात कुठलंही बोलणं तीन मिनिटांचं असायचं. तासगावच्या कॉलेजात मला नोकरी लागली आणि मी त्यांच्याकडे वरची खोली बघायला गेलो, तेव्हा हे मला ठाऊक नव्हतं. मी आपलं गाव सांगितलं, शिकवायचा विषय सांगितला, मी स्वयंपाक करणार नाही, डबा लावणार आहे हेही सांगितलं. त्या मान तिरकी करून माझ्या कानाकडे बघत होत्या. मधेच म्हणाल्या, "तीन मिनिटं झाली. वाढवायची का?"

मला काही कळेना. मी म्हणालो, "नको."

"मग खोली तुमची. किल्ली खिळ्याला आहे. गच्ची माझी."

पुढे शेजाऱ्यांकडून कळलं की आक्कांची सगळी नोकरी सांगलीच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली होती. कानाला हेडफोन लावून परगावचे ट्रंककॉल जोडायचे, तीन मिनिटं झाली की मधे बोलून विचारायचं, वाढवायची का. ती खोड नोकरीबरोबर सुटली नाही. फोन उचलला की त्या अजूनही "हॅलो" म्हणत नसत. "बोला, कुठलं गाव?" असं विचारत. गॅसवाला, भाचे, बँकेतून बोलणारी मुलगी, सगळ्यांना हाच प्रश्न. बँकेतली मुलगी एकदा गोंधळून खरंच गाव सांगून बसली. मग आक्कांनी त्या गावचा जुना एक्स्चेंज कुठे होता, तिथे लाईन पावसात कशी मरायची, हे तिला ऐकवलं. कर्जाचं राहूनच गेलं.

गच्ची त्यांची का, ते पहिल्याच आठवड्यात कळलं. संध्याकाळी वर एक बाई अंगावर घोंगडी, डोक्याला माकडटोपी, कमरेला बेदाण्याची पिशवी अशा अवतारात दुर्बिणीशी भांडत होती. रस्त्यावरचा दिवा नेमका गच्चीत यायचा, म्हणून कठड्याला बांबू बांधून त्यावर काळी छत्री उघडून ठेवलेली. खालून जाणारे लोक म्हणायचे, "आक्का, पाऊस न्हाई की!" त्या वरून म्हणायच्या, "उजेड पडतोय गड्या, उजेड!"

आक्का मूळच्या माणदेशातल्या, म्हसवडच्या बाजूच्या. घरची मेंढरं. लहानपणी बापामागून रानोमाळ हिंडलेल्या. मृगाच्या पोटातल्या एका ओळीतल्या तीन चांदण्यांना त्यांच्याकडे तिकांडं म्हणतात. तिकांडं कुठवर चढलं ते बघून बाप वेळ सांगायचा, आणि तट्टावर सामान लादून पुढच्या रानाला निघायचा. त्या घरातली शिकून सरकारी नोकरीला लागलेली ही पहिली पोरगी. एक्स्चेंजच्या रात्रपाळीत लाईनी गप्प झाल्या की गच्चीवर जाऊन आभाळ बघायची, ती सवय म्हातारपणापर्यंत टिकली. एरवी त्या शहरी बोलत. चिडल्या किंवा खुशीत आल्या की म्हसवड बाहेर यायचं.

मला आधी वाटलं, बाई हौशी आहेत, दुर्बिणीला डोळा लावून चंद्र बघत असतील. पण त्या दुर्बिणीला डोळा लावतच नसत. त्याचं कारण त्यांनी मला एकदा जिन्यात सांगितलं, तेही दुधाचा हिशेब सांगावा तसं.

"मास्तर, मी तुमच्या कानाकडे बघते म्हणून रागावू नका. सरळ बघितलं तर मला तुमचं नाक दिसत नाही. मधलं पुसलं जातंय. कडा शाबूत आहेत. मिरजेचे डॉक्टर सुया देतात डोळ्यात. ते म्हणतात, टिकेल तेवढं टिकवू."

दुर्बिणीतून दिसणारा बारीकसा ठिपका आता त्यांना सापडत नव्हता. पण दुर्बिणीला कॅमेरा लावला आणि त्याचं चित्र मोठ्या पडद्यावर घेतलं, तर मान तिरकी करून त्यांना ते दिसायचं. जितकं मोठं, तितकं बरं. म्हणून त्यांनी साताऱ्यातल्या एका हौशी माणसाकडून त्याची दुर्बीण बसवायची जुनी मोटरवाली बैठक घेतली होती. संगणकावरून चालणारी. तारा सांगितला की आपोआप तिकडे तोंड वळवणारी, आणि पृथ्वी फिरेल तशी हळूहळू फिरत राहणारी.

त्यांना एकच गोष्ट बघायची होती. तिकांड्यातल्या एका टोकाच्या चांदणीखाली तांबूस धुक्यात एक काळा ढग आहे. हुबेहूब घोड्याच्या मानेसारखा. नुसत्या डोळ्यांना तो कुणालाच दिसत नाही. कॅमेरा मिनिटामिनिटांनी उघडा ठेवावा लागतो आणि अशी कितीतरी चित्रं एकावर एक रचावी लागतात.

"आयुष्यभर तिकांडं बघितलं," त्या म्हणाल्या, "आणि त्याच्या खाली घोडं बांधलंय हे मला साठीनंतर कळलं. बाला तर कळलंच नाही. ते बघितल्याबिगर डोळं मिटायचं न्हाईत."

अडचण अशी होती की मोटर कितीही चांगली असली तरी तिच्या चाकांच्या दातांत थोडी खोट असतेच. कॅमेरा जास्त वेळ उघडा ठेवला की तारे भाताच्या शितांसारखे लांबट यायचे. त्यावर उपाय म्हणजे एक छोटी दुसरी दुर्बीण आणि दुसरा कॅमेरा. तो एकाच ताऱ्यावर नजर ठेवतो. तारा जरा सरकला की संगणकाला सांगतो, संगणक बैठकीला सांगतो, आणि बैठक तेवढीच सरकून तारा परत जागेवर आणते. हे होत नव्हतं. महिनोन्‌महिने होत नव्हतं.

आक्कांनी प्रत्येक वस्तूला गावाचं नाव दिलं होतं. संगणक म्हणजे सांगली, बैठक म्हणजे म्हसवड. छोट्या कॅमेऱ्यावर सारखं दव धरायचं, म्हणून तो महाबळेश्वर. मी संध्याकाळी कॉलेजातून आलो की जिन्यातूनच विचारायचो, "काय म्हणतंय आज?"

वरून उत्तर यायचं, "महाबळेश्वर बघतंय, सांगली बोलतीय, म्हसवड ऐकत न्हाई!"

मला यातलं काही येत नव्हतं. मी अर्थशास्त्राचा माणूस. पण त्यांना पडद्यावरची बारीक अक्षरं वाचता येत नव्हती, त्यामुळे मी त्यांचे डोळे झालो आणि हळूहळू त्या भानगडीत गुरफटलो. पडद्यावर दर वेळी तोच निरोप यायचा. बैठक जोडलेली आहे. कॅमेरा जोडलेला आहे. आणि मग, बैठकीला सरकायला सांगून बघितलं, तारा पुरेसा हलला नाही.

आक्कांची खात्री होती की दोष वायरीत आहे. सांगलीहून म्हसवडला जाणाऱ्या वायरीचं टोक थेट टेलिफोनच्या पिनेसारखं होतं, आणि टेलिफोनच्या बाबतीत त्यांना कुणी शिकवायचं? त्यांच्या कपाटाचा एक खण जुन्या वायरी, पिना आणि पकडींनी भरलेला होता. त्यांनी बोटांनी चाचपून एकेक तार लावत नवी वायर केली. ती लावली. तारा हलला नाही. आणखी एक केली. नाही. साताऱ्याच्या त्या माणसाकडून मूळची वायर एसटीने मागवली. तरी नाही.

मला वाटलं, आता बाई खचणार. त्यांनी टाळी वाजवली. "चुकले की मी! वायर निर्दोष. मास्तर, बेदाणे घ्या."

"पण दोष सापडला कुठे, आक्का?"

"दोष सापडला नाही तरी चालतं. तो कुठं नाही हे सापडलं पाहिजे. लाईन मेली की आम्ही निम्म्यावरचा खांब गाठायचो. तिथं आवाज असला, तर अलीकडचं सगळं रान सुटलं."

चूक निघाली की खूश होणारं माणूस मी तोवर बघितलं नव्हतं. आमच्या कॉलेजात तर नाहीच.

खरं तर दोष दोन होते, आणि एकाच्या पाठीमागे दुसरा लपला होता. पहिला असा, की संगणकाला बैठकीची वायर कधी या खाचेत, कधी त्या खाचेत लागायची, आणि खाच बदलली की संगणक तिला नवीच पाहुणी समजायचा. जुन्या पत्त्यावर बोलत राहायचा. कधी ऐकू जायचं, कधी नाही. हे लक्षात आल्यावर आक्कांनी एका खाचेला कुंकू लावलं. "हे म्हसवडचं दार. दुसऱ्या दारानं जायचं नाही." दोन्ही कॅमेरे आणि बैठक मिळून संगणकावर जो ताण पडायचा, तोही स्वतःची वेगळी वीज घेणाऱ्या एका जोडडबीने कमी केला. त्यानंतर मधेच तुटणारी लाईन तुटायची थांबली.

तरी तारा पुरेसा हलला नाही.

एका रविवारी दुपारी त्यांनी अख्खी बैठक खाली सोप्यात आणवली. म्हणाल्या, "रात्री आभाळाची घाई असते. दिवसा डोकं चालतं." बैठकीला हातात धरायचा एक छोटा पाटीवजा डबा असतो, त्यावर बारीक लाल अक्षरं उमटतात. त्यांनी मला समोर बसवलं. "यातली एकूण एक पाटी वाचा. तुम्हाला फालतू वाटेल तीसुद्धा."

मी वाचत गेलो. गाव, तारीख, वेळ, वेग, आवाज, उजेड. त्या डोळे मिटून, एक कान बैठकीला लावून बसल्या होत्या. वाचता वाचता मी म्हणालो, "मार्गदर्शनाचा वेग, शून्य."

त्यांनी डोळे उघडले. "परत वाचा."

"शून्य टक्के."

"कसला वेग?"

"कॅमेऱ्यानं सांगितल्यावर किती जोरात सरकायचं, त्याचा असेल."

आक्का ताडकन उठल्या. "अवो मास्तर! त्याला ऐकायला येतंया की! सगळं ऐकतंय बिचारं. पण कुणीतरी सांगून ठेवलंय, ऐक आणि जाग्यावर बस!"

मी साताऱ्याला फोन लावून दिला. तो माणूस म्हणाला, मी कधी फोटो काढलेच नाहीत, त्यामुळे ते मी बघितलंच नाही. त्याच्याही आधीच्या मालकाने कधीतरी करून ठेवलं असणार. कोणाच्या बोटाने ते झालं, कळायला मार्ग नव्हता. आक्कांना त्याची फिकीरही नव्हती. मी शून्याचे पन्नास केले. संगणकावरून 'उत्तर' दिशेचं बटण दाबलं. मला काही ऐकू आलं नाही. आक्कांचा कान बैठकीलाच होता.

"टक्," त्या म्हणाल्या. "परत दाबा. टक्. बोललं! म्हसवड बोललं!"

त्या दिवशी त्यांनी मला स्वतःच्या हाताने पिठलं-भाकरी करून वाढली. पिठल्यात मीठ नव्हतं. आम्ही दोघांनीही तो विषय काढला नाही.

तासगावात मात्र उजेड फार. द्राक्षांचा हंगाम जवळ आलेला, बेदाण्याच्या शेडवर दिवे, रस्त्यावर ट्रॅक्टर. छत्री किती पुरणार? आक्का म्हणाल्या, "म्हसवडला जायचं. आबाच्या रानात." आबा म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ. मेंढरंही राखायचा आणि बाजरीही करायचा. संक्रांतीनंतरची अमावास्या बघून मी मित्राची गाडी मागून घेतली आणि सगळी गावं मागच्या सीटवर गोधडीत गुंडाळून आम्ही निघालो.

आबा गडी उंच, पागोट्यातला, बोलायला कमी. दिवेलागणीला आम्ही अंगणात बैठक मांडली. आभाळ असं की मला माझं शहरी बालपण फुकट गेल्यासारखं वाटलं. आणि तेवढ्यात मेंढरं कोंडायच्या वाडग्यावरचा फोकस लागला. रान पांढरं झालं.

"आबा, तेवढा लाईट बंद कर रं," आक्का म्हणाल्या.

"न्हाई व्हायचा, आक्का. लांडगा येतोय. मागल्या पंधरवड्यात पल्याडच्या वस्तीवरनं त्यानं कोकरं उचलली."

"एका रात्रीचा सवाल हाय. मला घोडं बघायचंय."

"कसलं घोडं?"

"आभाळातलं."

आबा शांतपणे म्हणाला, "आभाळातल्या घोड्याला लांडगा खात न्हाई. माज्या कोकरांस्नी खातो."

मला वाटलं, आता भांडण पेटणार. पण आक्का म्हणाल्या, "बरोबर हाय तुजं." आम्ही फोकसच्या उजेडातच एक चित्र घेऊन बघितलं. दुधात बुडवल्यासारखं आलं. त्यांनी मला वायरी काढायला सांगितल्या आणि आत चुलीपाशी जाऊन बसल्या. भावजयीशी हवापाण्याचं बोलत राहिल्या. आवाजात काही जाणवू दिलं नाही.

मी वायरी गुंडाळत होतो. आबा जवळ येऊन उभा राहिला. बराच वेळ बैठकीकडे बघत होता.

"मास्तर, एक इचारू? आक्का माज्याशी बोलताना माज्याकडं बघत का न्हाई? काय राग हाय व्हय तिचा?"

मला धक्का बसला. त्यांनी घरी सांगितलंच नव्हतं. मी म्हणालो, "राग नाही आबा. तुमच्याकडेच बघतात त्या. सरळ बघितलं की त्यांना दिसत नाही."

"म्हंजे?"

मी सांगितलं. मधलं पुसलं गेलंय, कडा उरल्यात, मिरजेला सुया चालू आहेत, ढग मोठ्या पडद्यावर घेतला तर दिसेल.

"कवापास्नं?"

"दोन-तीन वर्षं झाली असतील."

आबा घरात गेला, घोंगडी आणि काठी घेऊन आला. कुत्र्यांना शीळ घातली. वाडग्याच्या तोंडाशी दगडावर बसला आणि तिथूनच त्याने हात लांब करून खटका दाबला. अंधार झाला.

"किती येळ लागंल?"

"दीडेक तास."

"लागू द्या."

मी आक्कांना हाक मारली. त्या दारात आल्या, अंधार बघितला, वाडग्याकडे मान तिरकी करून काही दिसतंय का पाहिलं. आम्ही पुन्हा वायरी जोडल्या. वाडग्यातून मेंढरांच्या खाकरण्याचा आवाज येत होता. आबाने बिडीसुद्धा पेटवली नाही.

संगणकाने तारा धरला. सांगली बोलली. तारा उत्तरेला सरकला, परत आला, पूर्वेला सरकला, परत आला. मी पडद्यावरचं वाचून दाखवत होतो. शेवटी निरोप आला, मार्गदर्शन सुरू. आक्कांनी माझा दंड धरला होता, तो सोडला नाही. पहिलं चित्र उमटलं. तारे गोल. मोत्यासारखे गोल. आम्ही पुढची चित्रं घ्यायला सुरुवात केली.

मधेच कुत्री एकदम भुंकत सुटली. मेंढरं एका कोपऱ्यात दाटल्याचा आवाज आला. आबाची लांबलचक हाळी रानात घुमली. मी दचकून उठलो आणि माझा पाय बैठकीच्या तिपायाला लागला. तारा जागेवर आहे हे दाखवणारी पडद्यावरची सपाट रेघ उसळली.

आक्का म्हणाल्या, "मास्तर, थांबवा. आबाला सांगा, लाईट लाव म्हणावं. घोडं ऱ्हाऊ दे."

मी वाडग्याकडे धावलो. आबा उभा होता, काठी रोवून. म्हणाला, "कोल्हं हुतं. गेलं. चालू द्या तुमचं." मग थोडा घुटमळून, "लाईट लावायचा न्हाई म्हणून सांगा तिला."

परत आलो तर पडद्यावरची रेघ उसळून पुन्हा सपाट होत होती. माझ्या लाथेतून बैठक आपली आपण सावरली होती.

जेवणं व्हायच्या आधी काम झालं. फोकस लागला, आबाने कोकरं मोजली आणि हात धुऊन आत आला. मी सगळी चित्रं रचून आबाच्या घरातल्या टीव्हीवर लावली. तांबूस धुकं, दाणेदार, थोडं मळकट. त्यात काळी मान, काळं कपाळ, पुढे आलेलं नाक.

आक्का टीव्हीच्या इतक्या जवळ गेल्या की काचेला त्यांचा श्वास लागला. मान इकडे केली, तिकडे केली. मग एक बोट काचेवर टेकवून त्यांनी सावकाश मान, कपाळ, नाक असं गिरवलं. भावजय पदराने डोळे पुसायला लागली, कशासाठी ते तिलाही सांगता आलं नसतं.

आबा मागे उभा राहून निरखत होता. म्हणाला, "हे घोडं न्हवं."

"मग काय हाय?"

"मेंढरू हाय. नाक बघ की."

"लय शाना! मेंढराची मान अशी असती व्हय?"

"मेंढरं म्या राखतो का तू?"

जेवण संपेपर्यंत ते भांडण चाललं. आक्का त्याच्या कानाकडे बघून भांडत होत्या आणि आबा, तो कान त्यांच्या नजरेत नीट यावा म्हणून, तोंड वळवून बसला होता.

पुढच्या आठवड्यात आक्का मला घेऊन सांगलीला फ्लेक्सच्या दुकानात गेल्या. टीव्हीवरचं त्यांना पुरत नव्हतं. भिंतीएवढं मोठं हवं होतं. दुकानातल्या माणसाने चित्र बघून विचारलं, "वाढदिवस कुणाचा आहे, मावशी? साहेबांचा फोटो कुठं टाकायचा?"

"साहेबच आहेत हे. मधोमध."

त्याने बारकाईने पाहिलं. त्याला काही दिसलं नसावं. "बरं. आणि शुभेच्छुक?"

"शुभेच्छुक नको. खाली एक ओळ टाका."

मी आता साताऱ्यात बदलून आलोय. आक्कांची नजर डॉक्टरांनी होती तिथे थोपवून धरलीय, त्याहून खाली जाऊ दिलेली नाही. थंडीचे चार महिने त्या म्हसवडला राहतात. गेल्या खेपेला मी तिकडे गेलो तर लांबूनच, रस्त्यावरून, वाडग्याच्या भिंतीवर ते तांबूस धुकं आणि काळी मान दिसली. पुढे मेंढरं उन्हात उभी होती. आक्का दारात खुर्ची टाकून, मान जराशी वळवून, भर दुपारी घोडं बघत बसल्या होत्या. येणारे-जाणारे गाडी थांबवून विचारत होते की हा कुठला नवा पुढारी. आबा कुणालाच उत्तर देत नव्हता. नुसतं काठीने फ्लेक्सच्या तळाकडे दाखवत होता, जिथे ठळक अक्षरांत लिहिलं होतं:

लाईट बंद केल्याबद्दल भावाचे आभार.